खली चांगला रेसलर होता. या आता अंगावर, आणि तुमचंही एक नावडतं मत टाका

वर्तकनगर_वाला, ठाणे

मंडळी, डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे टीव्हीवरची ठरवून होणारी अमेरिकन कुस्ती, तिच्याबद्दलच्या नावडत्या मतांचा हा धागा. आधी नियम. "रोमनला कंपनीने फार पुश दिला, उगाच पुढे काढला", "जॉन सीनाला पाचच मूव्ह येतात" असली मतं इथे टाकायची नाहीत. ती सगळ्या जगाची मतं आहेत, त्यात कसलं आलंय धाडस? मला असं मत पाहिजे, की जे बोललात तर तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे निम्मे लोक तोंड फिरवतील. रेसलरबद्दल चालेल, स्टोरीलाइनबद्दल चालेल, एखाद्या मॅचबद्दलही चालेल. आणि "अरे पण ते सगळं खोटं असतं ना" वाल्यांनी कृपया लांबच राहावं. खोटं असतं हे माझ्या आजीलाही ठाऊक होतं. तरी केनचे लाल दिवे लागले की ती जपमाळ बाजूला ठेवून चष्मा शोधायची.

माझं मत: द ग्रेट खली, आपला सात फुटी भारतीय मल्ल, चांगला रेसलर होता.

"माणूस साधा आहे हो", "देशाचं नाव काढलं" वगैरे मी म्हणत नाहीये. ती शाल-श्रीफळाची भाषणं झाली. मी त्याच्या रिंगमधल्या कामाबद्दल बोलतोय.

एप्रिल २००६ आठवा. डब्ल्यूडब्ल्यूईच्या स्मॅकडाउन शोवर टेकर, म्हणजे अंडरटेकर, आणि मार्क हेन्रीची मॅच चालू आहे. मध्येच तो मॅनेजर दैवारी एका माणसाला घेऊन येतो. कोण, कुठला, काही माहीत नाही. तो आत येतो आणि टेकरसमोर उभा राहतो. तोपर्यंत टेकर जवळजवळ सगळ्यांकडे वरून खाली बघायचा. त्या दिवशी टेकरला मान वर करावी लागली. तिथेच काम झालं होतं, पुढचं सगळं बोनस. मग डोक्यावर एक हात पडला आणि टेकर आडवा. आमच्याकडे दहावीचं वर्ष म्हणून केबल काढलेली, त्यामुळे मी म्हाडाच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरच्या मित्राकडे टेन स्पोर्ट्स बघायचो. त्याची आई हातात लाटणं घेऊन बाहेर आली, टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाली, "हा कोण रे मेला?" हा प्रश्न पडला पाहिजे. राक्षसाचं काम हेच असतं. पुढच्या महिन्यात जजमेंट डे या मोठ्या शोला त्याने टेकरला पिन केलं, म्हणजे पाठीवर पाडून तीन मोजेपर्यंत दाबून ठेवलं, आणि तो टेकरला हरवेल हे आम्हाला आधीच पटलेलं होतं. टेकरच्या बाबतीत असं वाटायला लावणारे किती जण झाले? हाताची बोटं पुरतात.

लोक म्हणतात, त्याला मूव्ह येत नव्हत्या. त्याला मूव्ह हव्यात कशाला? सात फुटांचा माणूस उड्या मारायला लागला की तो सहा फुटांचा दिसतो. १९८७च्या रेसलमेनिया ३ला, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोला, आंद्रे द जायंटची पाठ कामातून गेलेली होती, धड वाकताही येत नव्हतं. तरी हल्क होगनने त्याला उचलून आपटला तो क्षण आजही कंपनीच्या प्रत्येक जुन्या व्हिडिओत असतो. त्या मॅचमध्ये आंद्रेने किती मूव्ह मारल्या, हे कोणी मोजत बसलंय का? मग खलीलाच वेगळा तराजू का?

वाट लावली ती लिहिणाऱ्यांनी. २००७मध्ये त्याला रॉ या दुसऱ्या शोवर आणलं आणि सीनापुढे उभं केलं. मे महिन्यात सीनाने एसटीएफची पकड लावून त्याला टॅप करायला, म्हणजे हात आपटून हार मानायला, लावलं. खलीचा पाय दोरीखाली होता, रेफरीला दिसला नाही, म्हणजे पुढच्या मॅचची सोय. ठीक. आणि त्या पुढच्या मॅचमध्ये, जूनच्या सुरुवातीला, सीनाने त्याला क्रेनवरून खाली टाकून पिन केलं. म्हणजे राक्षस संपला. मग जुलैत एजला दुखापत झाली म्हणून बेल्ट रिकामा झाला, वीस जणांची बॅटल रॉयल लावली आणि खली वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन. आधी घाबरवायचं काढून घेतलं आणि मग बेल्ट दिला! सप्टेंबरात बतिस्ताने तो घेतलाही. वर्षभरात खली 'पंजाबी प्लेबॉय' म्हणून प्रेक्षकांतल्या बायकांना रिंगमध्ये बोलावून पापे घेत होता. ज्याला बघून बाई लाटणं घेऊन बाहेर येते, त्याचा तुम्ही विदूषक केलात आणि वर म्हणता त्याला काम येत नव्हतं.

आणखी एक. २०१२मध्ये त्याच्या पिट्युटरी ग्रंथीवरची गाठ काढली. ज्या आजारामुळे तो एवढा वाढला, तोच आजार सांध्यांची वाट लावतो. शेवटच्या वर्षांतला खली रॅम्पवरून कसा चालत यायचा ते बघा आणि मग "लेझी" म्हणा.

माझा खरा राग मात्र आपल्या लोकांवर आहे. अमेरिकन पोरं खलीला हसली, ते मी समजू शकतो. आपण त्यांच्याहून जोरात हसतो, कारण त्यांच्या कमेंटमध्ये आपली गणती 'खलीवाल्यांत' होऊ नये. लाज वाटते आपल्याला, दुसरं काही नाही.

चला, सुरू करा.

फक्त_टेकर, कळवा

वर्तकनगर, तुझ्यासाठी सकाळी सकाळी चहा सोडून टायपायला बसलोय.

तू जे सगळं खलीच्या खात्यावर टाकलंस ते टेकरचं काम आहे. मान वर कोणी केली? टेकरने. डोक्यावर हात पडल्यावर झाड तोडल्यागत पडला कोण? टेकर. खली फक्त उभा होता. जो माणूस पडतो तो समोरच्याला मोठा करतो, हे काय तुला मी सांगायचं? पुरावा पाहिजे तर नो मर्सी २००७ची पंजाबी प्रिझन मॅच बघ. बतिस्ता आणि खली. बांबूच्या दोन पिंजऱ्यांत दोन माणसं, एक जण धापा टाकतोय आणि दुसरा दार उघडायची वाट बघतोय. समोर टेकर नसला की तुझा राक्षस असा दिसतो.

आता माझं मत. माझं नाव बघा आणि मग वाचा. ब्रॉक लेस्नरने रेसलमेनिया ३०ला टेकरची स्ट्रीक, म्हणजे रेसलमेनियात कधीच न हरण्याची मालिका, मोडली ते एकदम बरोबर झालं.

एप्रिल २०१४चा तो सोमवार. आपल्याकडे सकाळ होती. मी ऑफिसला जाताना गाडीत, एका हाताने वरची कडी धरलेली आणि दुसऱ्या हातात मोबाईल. २१-१ असं दिसलं. मला वाटलं कोणीतरी फोटोशॉप केलंय. ठाण्याला उतरून प्लॅटफॉर्मवर उभा राहून परत बघितलं. तोंडाचा आ वासलेला तो प्रेक्षक सगळ्यांना आठवत असेल, पण मला आठवतं ते वेगळंच. तीन मोजून झाल्यावरही स्टेडियमला कळत नव्हतं की संपलं. सत्तर हजारांच्या वर माणसं आणि आवाज नाही. कोणाच्या तरी जिंकण्यावर विश्वासच बसत नाही, हे या धंद्यात परत कधी झालंय ते सांगा.

लोक म्हणतात, स्ट्रीक तशीच ठेवायला हवी होती. ठेवून काय करणार होतात? २००९ आणि २०१०ला शॉन, २०११ आणि २०१२ला हंटर (ट्रिपल एच), २०१३ला पंक. दर वर्षी तीच मॅच: टेकरच्या टूम्बस्टोन डावातून दोनदा किकआउट, म्हणजे तीन मोजायच्या आत सुटका, सगळे तोंडावर हात ठेवतात, शेवटी टेकर. भारी मॅचेस, मान्य. पण टेकर हरेल असं कोणालाच वाटत नव्हतं. ब्रॉकने ते मोडलं आणि चार महिन्यांनी समरस्लॅमला सीनाला सोळा सुप्लेक्स घातले, तेव्हा हा माणूस कोणालाही मारू शकतो हे पटत होतं. कशामुळे? स्ट्रीकमुळे. खर्च झालेला पैसा कामाला आला.

आणि "नवीन पोराला द्यायची होती" म्हणणाऱ्यांनो, २०१७ला रोमनला दिलीच की. आठवतेय का कोणाला ती मॅच? टेकरला स्वतःलाच ती आवडली नव्हती.

वर्तकनगर_वाला, ठाणे

कळवा, तुझ्या बोलण्यातलं अर्धं मी घेतो. पडणारा मोठा करतो, खरंय. पण टेकर तर जायंट गोन्झालेससाठीही पडला होता, १९९३मध्ये. आठ फुटांच्या जाहिरातीचा माणूस, अंगावर रंगवलेले स्नायू आणि चिकटवलेले केस. त्याला कोण घाबरलं? समोरच्याकडेही काहीतरी लागतं ना.

बाकी स्ट्रीकवर मी तुझ्याबरोबर आहे, हे ऐकून तुला वाईट वाटेल.

सेक्टर१५_बेलापूर

टेकर मेला होता आणि सात वेळा जिवंत झाला, हे माझ्या शाळेत एका पोराने देवाशप्पथ सांगितलं होतं. अक्षय कुमारने त्याला उचलला हा त्याचा पुरावा.

फक्त_टेकर, कळवा

@सेक्टर१५ तो टेकर नव्हता रे. १९९६च्या 'खिलाडियों का खिलाडी'मध्ये टेकरच्या वेषात होता तो ब्रायन ली. गंमत म्हणजे हाच ब्रायन ली १९९४च्या समरस्लॅमला टेड डिबियासी या मॅनेजरने आणलेला नकली टेकर होता, ज्याला खऱ्या टेकरने हरवलं. म्हणजे अक्षय कुमारने नकलीच उचलला. माझं बालपण या एका माहितीने संपलं.

नेरुळची_शार्लट

नावावरून कळलंच असेल. माझं मत: शार्लट फ्लेअरला जे मिळालं ते सगळं तिच्या लायकीचं होतं. चौदा वर्ल्ड टायटल्स, सगळी. आणि रेसलमेनिया ३४ला तिने असुकाची स्ट्रीक मोडली तेही बरोबर.

आता दगड उचला. पण आधी ऐका.

मी बघायला लागले तेव्हा बायकांची मॅच म्हणजे भावाची पाणी प्यायला उठायची वेळ होती. २०१५च्या फेब्रुवारीत रॉवर बायकांची एक टॅग मॅच अर्ध्या मिनिटात संपली. अर्धं मिनिट. दोघींनी तर टॅगसुद्धा केलं नाही. लोक इतके चिडले की ट्विटरवर दिवसभर तेच. त्यानंतर जी बाई दर मोठ्या मॅचला उभी राहिली आणि जिच्यासमोर समोरचीही चांगली दिसली, ती शार्लट. साशा बँक्सबरोबर २०१६मध्ये हेल इन अ सेल, म्हणजे पिंजऱ्यातली मॅच, शार्लट. असुकाबरोबर न्यू ऑर्लिन्सला शार्लट. रिया रिप्लीबरोबर २०२३च्या रेसलमेनियाला शार्लट. रियाची ती मॅच बघा, त्यात शार्लट हरली आणि रिया स्टार झाली. हे करायला येतं किती जणींना?

"बापामुळे मिळालं" म्हणतात. रिक फ्लेअरची मुलगी म्हणून दार उघडलं असेल. पण टॉप रोपवरून बाहेर उभ्या असलेल्या दोघींवर उलटी उडी मारताना तिचा बाप खाली झेलायला उभा नसतो. तसं बघितलं तर रँडी, कोडी, ब्रे, डॉमिनिक, सगळे कोणाची ना कोणाची मुलंच. रँडीला कोणी रोज ऐकवत नाही. तिलाच का?

असुकाचं सांगते. अडीच वर्षं ती हरली नव्हती. सगळ्यांना वाटलं, ही रेसलमेनियाला जिंकणार आणि बेल्ट घेणार. शार्लटने पाय अडकवून तिला टॅप करायला लावलं. त्या रात्रीची सगळ्यात चांगली मॅच तीच होती. त्यानंतर असुकाला दोन-तीन महिन्यांत कार्मेलासमोर हास्यास्पद केलं, ते लिहिणाऱ्यांचं पाप आहे. ते शार्लटच्या नावावर का लावता?

@वर्तकनगर, तुझ्या खलीबद्दल: 'प्लेबॉय'वाल्या त्या भागांत ज्या बायकांना रिंगमध्ये ओढत आणायचे, त्यांच्याबद्दल तू एक शब्द लिहिला नाहीस. विदूषक फक्त खलीचा नाही झाला.

वर्तकनगर_वाला, ठाणे

@नेरुळ, बरोबर. तो भाग मी आज बहिणीसमोर लावणार नाही. मुद्दा घेतला.

शार्लटवर मात्र एक शंका. तिची मॅच चांगली असते हे मान्यच, पण ती जिंकल्यावर मला आनंद झालाय असं एकदाही आठवत नाही. २०२५चा रॉयल रंबल, तीस जणींची मॅच, दुखापतीतून परत येऊन जिंकली, आणि माझ्या शेजारचा हुशार पोरगा पॉपकॉर्न खात "झालं?" म्हणाला.

नेरुळची_शार्लट

तेव्हा हील होती ती, म्हणजे खलनायिका. तुला आनंद व्हावा म्हणून नेमलेली नव्हती.

घणसोली_आखाडा

दादूस लोकहो, मी थोडा वेगळ्या बाजूने बोलतो. आमच्या घरात तीन पिढ्या मातीत. जत्रेला फड लागला की हलगीच्या आवाजावर अजून अंगावर काटा येतो. त्यामुळे मी डब्ल्यूडब्ल्यूई बघतो हे घरात सांगायची सोय नाही. वडील म्हणतात, नाचगाणं आहे ते.

पहिलं, पडण्याबद्दल. 'खोटं' म्हणणाऱ्यांना ती रिंग कशाची असते ते माहीत नसतं. खाली लोखंडी तुळया, वर लाकडी फळ्या, त्यावर बोटभर फोम आणि वर ताणलेलं कॅनव्हास. बस. पाठीवर पडायचं तर हनुवटी छातीला चिकटवायची, श्वास सोडायचा, दोन्ही हात आडवे पसरून जमिनीवर एकदम आपटायचे, म्हणजे मार खांद्यांच्या मागच्या रुंद भागावर पसरतो. हनुवटी सुटली की डोकं आपटलं. आमच्याकडे वस्ताद पहिले काही महिने असंच पडायला लावतात, मातीत. आणि माती मऊ असते, हळद-तेल-ताक घालून रोज उकरलेली. फळ्यांवर मी पडून बघितलंय एका जिममध्ये. एकदाच. पुरे.

खलीला नीट पडता येत नव्हतं. हा माझा आक्षेप आहे, बाकी वर्तकनगरचं मला पटतं. त्याच्या गुडघ्यांनी पडणं परवडणारं नव्हतं, मग समोरच्याला सगळं काम करावं लागायचं. मातीत आम्ही त्याला पैलवान म्हणणार नाही. पण भिंत म्हणू, आणि फडात भिंतही लागते.

आता माझं मत, आणि यावर सगळेच मारणार. रे मिस्टेरिओला २००६मध्ये वर्ल्ड चॅम्पियन करायला नको होतं.

रे मला आवडतो. रंबलमध्ये दोन नंबरला येऊन तासाभराहून जास्त टिकला, मी बघताना उभाच होतो. पण आमच्याकडे जत्रेत पंच नजरेने जोड लावतात. वजन बघतात, मान बघतात, खांदे बघतात. लहान पोरगा मोठ्याला भिडवत नाहीत, कारण लोक म्हणतील ही कुस्ती नाही. रेला तुम्ही बेल्ट दिलात आणि मग सगळे मोठे त्याच्यावर सोडलेत. मे महिन्यात तर तो चॅम्पियन असताना याच खलीने त्याला काही मिनिटांत चिरडला. मार्क हेन्रीनेही हरवला. म्हणजे लिहिणाऱ्यांनाच तो चॅम्पियन वाटत नव्हता. जोडच लागत नव्हती तर बेल्ट कशाला दिलात? क्रूझरवेटचा, म्हणजे हलक्या वजनाच्या गटाचा, बेल्ट मोठा करायचा होता, त्यात रे राजा होता. वारलेल्या एडी गरेरोच्या आठवणीपायी दिला, सगळ्यांना रडवला आणि मग पोराला उघड्यावर टाकला.

फक्त_टेकर, कळवा

रेला हात लावलास. तू आणि मी आता वैरी. पण मार्क हेन्रीवाला मुद्दा चावतोय मला.

कोपरी_कॉलनी

माझं छोटं मत: ब्रे वायटचा फिंड (त्याचं मुखवट्यातलं राक्षसी रूप) गोल्डबर्गकडून हरला त्याचं खापर गोल्डबर्गवर फोडू नका. फिंड त्याच्या आधीच संपला होता. २०१९च्या हेल इन अ सेलला सेथने त्याला एवढे हातोडे-खुर्च्या मारल्या आणि तो उठतच राहिला. ज्याला काहीच लागत नाही त्याची मॅच कशी लावणार? लाल दिव्यात तर काही दिसायचंही नाही. ब्रे माणूस म्हणून, बोलणारा म्हणून ग्रेट. पण लाकडी खुर्ची आणि कंदीलवाला पहिला ब्रे मला जास्त घाबरवायचा.

नौपाड्यातले_काका

नातवाने हा धागा वाचून दाखवला, मग मीच फोन घेतला. मी मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग बघितलेला माणूस आहे. किंग काँग म्हणून एक हंगेरीतला मल्ल यायचा, पोटाचा घेर असा की रिंगचा कोपरा भरून जायचा. १९६८मध्ये दारासिंगने लू थेझला हरवलं तेव्हा आमच्या चाळीत पेढे वाटले होते.

माझं मत असं की तीही नुरा कुस्तीच होती, आणि त्यात दारासिंगचा काही कमीपणा नाही. आमच्या पिढीतले लोक हे ऐकून घेत नाहीत. "दारासिंग खरा आणि हे आत्ताचे सगळे नाटकी" असं म्हणतात. मी वडिलांच्या खांद्यावरून बघितलंय. किंग काँग उचलला जायच्या आधी पाय जुळवून घ्यायचा. दोनशे किलोच्या घरातला माणूस, त्याची मर्जी नसेल तर कोण उचलतोय त्याला? पण दारासिंगने तो डोक्यावर धरून फिरवला की आम्ही सगळे उभे. डब्ल्यूडब्ल्यूईने २०१८ला त्यांना हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, म्हणजे धंद्याने आपला माणूस ओळखला.

खलीबद्दल वर्तकनगरचं बरोबर आहे. किंग काँगही पळत नव्हता.

आणखी एक मत देतो, नातू यावर माझ्याशी भांडतो. डिसेंबर २०२५ला जॉन सीना शेवटची मॅच गुंथरकडून हरला, आणि तीही टॅप करून, ते योग्यच झालं. नातू रडला. "कधीच हार मानू नका" असं टी-शर्टवर छापणारा माणूस हार मानतो म्हणजे काय, असं म्हणाला. वॉशिंग्टनच्या प्रेक्षकांनीही आरडाओरडा केला. पण नीट बघा. गुंथरने गळा धरलेला, सीना सुटायची धडपड करतोय, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हसू येतं आणि तो हात आपटतो. जाताना पाठीवर पडून, दुसऱ्याला मोठं करून जायचं, हा या धंद्याचा जुना रिवाज आहे. तो जिंकून गेला असता तर गुंथरला काय मिळालं असतं? टाळ्या सीनाला भरपूर मिळाल्या होत्या, वीस वर्षं.

वर्तकनगर_वाला, ठाणे

काका, नमस्कार. किंग काँग पाय जुळवून घ्यायचा हे वाचून मी खुर्चीवर सरळ बसलो. तुम्ही इथे येत जा.

सीनावर मी नातवाच्या बाजूने आहे. हरायचं मान्य, पिन होऊन हरायचं. टॅप करून नाही. तुमचा मुद्दा पटतोय आणि तरी पोटात जात नाहीये.

ऐरोली_नाइटशिफ्ट

सगळे खलीवर तुटून पडलात, जिंदरबद्दल कोणी बोलत का नाही? वर्तकनगर, तुझ्या हिशोबाने जिंदरही ग्रेट का?

वर्तकनगर_वाला, ठाणे

@ऐरोली, नाही. आणि इथे माझं दुसरं नावडतं मत: जिंदर महालला चॅम्पियन करणं चूक नव्हती. त्याला ज्या पद्धतीने वापरलं ते चूक होतं.

कॅल्गरीत जन्मलेला माणूस, गामा सिंगचा पुतण्या, म्हणजे धंदा घरातला. आधी हीथ स्लेटर आणि ड्रू मॅकिंटायरबरोबर थ्रीएमबीत गिटार वाजवायचं नाटक करत हरायचा. २०१६ला परत आला आणि मग अंग कमावलं. २०१७च्या एप्रिलपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याकडून हरत होता, आणि २१ मेला बॅकलॅशला रँडी ऑर्टनला हरवून डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियन. लोक म्हणाले, भारतातला बाजार पकडायला केलं. असेल. कंपनी धंदाच करणार.

पण बाजार भारताचा आणि गोष्ट कोणाची सांगितली? रेशमी पगडी, मागे दोन नाचणारे सिंग ब्रदर्स, आणि दर आठवड्याला अमेरिकन प्रेक्षकांना ओरडून सांगायचं की मी वेगळा दिसतो म्हणून तुम्ही माझा द्वेष करता, आणि मग पंजाबीत चार वाक्यं. ती गोष्ट अमेरिकेतल्या प्रेक्षकाने शिव्या द्याव्यात म्हणून लिहिलेली होती. इथे घणसोलीत किंवा वर्तकनगरात बसलेल्या माणसासाठी त्यात एक ओळ नव्हती. आम्ही कोणाच्या बाजूने ओरडायचं? आपला म्हणून जिंदरच्या, तर तो दर मॅच त्या दोघा भावांच्या मदतीने चोरून जिंकतोय. रँडीच्या, तर मग भारतीय चॅम्पियन कशाला केलात?

बरं, एकशे सत्तर दिवस बेल्ट ठेवला. नोव्हेंबरात मँचेस्टरला एजे स्टाइल्सला दिला, कारण सर्व्हायव्हर सिरीजला ब्रॉकसमोर एजे हवा होता. मॅच म्हणून तो निर्णय झकास, एजे-ब्रॉक बघा अजून. पण दिल्लीचा शो होता ९ डिसेंबरला! म्हणजे सहा महिने दुकान सजवलं आणि गिऱ्हाईक दारात यायच्या महिनाभर आधी माल उचलून नेला. दिल्लीत जिंदर बेल्टशिवाय आला आणि ट्रिपल एचकडून हरला. मग दोघं भांगडा नाचले. मी तो व्हिडिओ अर्ध्यात बंद केला.

खलीला निदान २००६मध्ये कोणी भारतीय म्हणून बघत नव्हतं, भीती म्हणून बघत होतं. जिंदरच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

नेरुळची_शार्लट

जिंदरला तू चांगला म्हणतोयस की वाईट, ते अजून कळलं नाही. पण "गोष्ट कोणाची" हे एकदम बरोबर. २०२३ला हैदराबादला सीना आला, सेथबरोबर टॅग मॅच खेळला, सगळं स्टेडियम फुटलं. त्याला पगडी घालावी लागली नाही.

घणसोली_आखाडा

जिंदर पडायचा नीट. एवढं माझ्याकडून.

फक्त_टेकर, कळवा

वर्तकनगर, तुझ्यामुळे रात्री दोन वाजता जजमेंट डे २००६ लावली. मॅच भंगार आहे. दहा मिनिटंही नाही आणि त्यातली निम्मी टेकर आपलं डोकं धरून बसलाय. हे मी कोर्टातही सांगेन.

पण मोबाईलवर बघत होतो, आवाज बंद, बायको झोपलेली. तिने मध्येच डोळे उघडले, स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, "हा कोण?" मी सांगितलं, कोणी नाही, झोप. तुला यातला फायदा घ्यायचा असेल तर घे, मी परत लिहिणार नाही यावर.

वर्तकनगर_वाला, ठाणे

वहिनींना माझा नमस्कार सांग.

@घणसोली, रेसाठी वेगळा धागा काढ आणि मार्क हेन्रीवाला मुद्दा वर टाक. रविवारी दुपारी काढ, तेव्हा कळवा मोकळा असतो.